रेडिओ जोडू की जोडलेला आणू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे ४६ वर्षांचे, विकास सोसायटीत नोकरीला, घरची हापूसची थोडी कलमं. त्यांचे वडील, अण्णा, बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. मर्फी, बुश, फिलिप्स, जो येईल तो सेट उघडायचे. अण्णा आता नाहीत, त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. वाडीतली वीज गेली, फोन बंद पडले आणि मुंबईतल्या थोरल्या भावाला घरची खुशाली कळायला चार दिवस लागले. ते चार दिवस मनातून जाईनात, म्हणून यांनी हॅम रेडिओची, म्हणजे परवाना काढून हौसेने बिनतारी सेटवर बोलण्याची, परीक्षा दिली. रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा, म्हणजे पहिल्या पायरीचा, परवाना मिळाला, व्हीयू३ ने सुरू होणारं कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, मिळालं. बोलायचा-ऐकायचा सेट अजून नाही. तीस हजार रुपये बाजूला काढले आहेत. भाऊ म्हणतो, "तयार सेट घे, वरचे पैसे मी घालतो." नववीतली मुलगी म्हणते, "बाबा, आपण किट आणून जोडू या." आणि ज्यांच्या घरी ते पहिल्यांदा सेटवर बोलले ते ज्येष्ठ हॅम म्हणाले, "विकतच्या सेटवर बोलणारा खरा हॅम नव्हे." पत्राचा शेवट असा: "ताई, तयार सेट आणला तर अण्णांच्या पेटीचा अपमान होईल असं वाटतं. किट आणलं आणि चाललं नाही तर पैसे पाण्यात, आणि पुढच्या वादळात आम्ही पुन्हा तसेच. काय करू?"

उत्तर:

अण्णांपासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ओझं त्यांच्या पेटीचं आहे.

तुम्हीच लिहिलंय की दुकानात मर्फी, बुश, फिलिप्स यायचे. हे सगळे कारखान्यातून जोडून आलेले सेट. अण्णांनी त्यातला एकही बनवला नव्हता. ते मागचं झाकण काढायचे, आवाज कुठे अडलाय ते शोधायचे आणि बोलता झालेला रेडिओ गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. त्यांची विद्या दुरुस्तीची, आणि ती विद्या दुसऱ्याने जोडलेल्या सेटवरच चालते. म्हणून तयार सेट आणला तर पेटीचा अपमान होईल हे मला पटत नाही. ती पेटी माळ्यावरून खाली कशी येईल एवढं बघा. तिच्यातल्या एका वस्तूचं काम मला पत्र वाचतानाच सुचलं, ते शेवटी सांगते.

त्या ज्येष्ठांचं बोलणं तुम्हाला लागलेलं दिसतं. त्यांची पिढी मी पाहिली आहे. तेव्हा परदेशी सेट सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हता. लष्कराने मोडीत काढलेल्या सेटचे भाग मिळवायचे, जुने रेडिओ फोडायचे आणि त्यातून जमेल ते जोडायचं, नाहीतर गप्प बसायचं. जोडणं ही गरज होती, आणि त्यातून आलेला त्यांचा अभिमान खरा आहे. पण परीक्षेत तुम्हाला काय विचारलं ते आठवा. विजेचे नि रेडिओचे मूळ सिद्धांत, आणि नियम. सेट कोणी जोडला हे परवान्यावर कुठेच लिहीत नाहीत. हवेत, म्हणजे रेडिओवर, माणसाची पारख वेगळ्याच गोष्टींवरून होते. बोलण्याआधी तो ऐकतो का, चालू असलेल्या बोलण्यात घुसतो का, दुसऱ्याचा निरोप पदरचा शब्द न घालता पुढे देतो का. यातलं काहीच सोल्डरने जोडता येत नाही.

याच संदर्भात हैदराबादच्या अश्हर फरहान यांची गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी 'बिटेक्स' नावाचा सेट रचला, तो आपल्याकडच्या हॅमला परवडावा म्हणून. भाग सगळे साधे. कॉइल गुंडाळायला महागडी रिंग मिळत नसेल तर नळाचा वॉशर चालेल, असं त्या रचनेतच होतं. जगभरातल्या लोकांनी तो सेट जोडला. पुढे त्याच फरहान यांनी 'बिटेक्स ४०' आणि 'मायक्रोबिटेक्स' काढले, ते मात्र जोडून, तपासून दिलेल्या बोर्डाच्या रूपात. घेणाऱ्याने वायरिंग करायचं आणि डब्यात बसवायचं. ज्याने लोकांना सेट जोडायला शिकवलं त्याने स्वतःच अवघड अर्धं काम आधी करून दिलं. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही, तर तुम्हाला का वाटावा?

आता 'किट' या शब्दाकडे येऊ. तुम्ही, तुमची मुलगी आणि ते ज्येष्ठ, तिघेही तो शब्द वापरताय आणि तिघांच्या डोळ्यांसमोर वेगळी वस्तू आहे. एक किट म्हणजे पिशव्यांमध्ये सुटे भाग आणि रिकामा बोर्ड. शंभर-दीडशे रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर एकेक करून बसवायचे, रिंगांवर तार गुंडाळायची, मग ट्यूनिंग करायचं. दुसरं किट म्हणजे मघाशी सांगितला तसा तयार बोर्ड. त्याला बॅटरी, माइक, स्पीकर, अँटेनाचं सॉकेट जोडायचं नि खोका करायचा. आणि ज्येष्ठांच्या मनात आहे ते तिसरंच. नुसता सर्किटचा नकाशा घ्यायचा, भाग स्वतः शोधायचे आणि सगळं शून्यातून उभं करायचं. त्याला ते होमब्रू म्हणतात. पहिल्याला महिने लागतात, दुसऱ्याला दोन-तीन रविवार, आणि तिसऱ्याला हाताशी कोणीतरी जाणकार लागतो. "किट की तयार" असा प्रश्न घातला की मधली वाट दिसतच नाही, आणि तुमच्यासाठी मला तीच बरी वाटते. का, ते माझ्या पहिल्या किटच्या हकिगतीवरून सांगते.

माझं पहिलं किट सुट्या भागांचं होतं. श्रावणात जोडायला घेतलं. रेसिव्हर तिसऱ्या आठवड्यात बोलू लागला. रात्री खरखरीतून कोणाचा तरी आवाज वर आला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उठवलं होतं. ट्रान्समीटर मात्र मुका. बटन दाबलं की बॅटरीतून करंट जायचा, बाहेर काही पडायचं नाही. मी ट्रान्झिस्टर बदलले, पुन्हा बदलले, नकाशा पाठ झाला. सहा आठवडे गेले. एका संध्याकाळी वीज गेली होती आणि नवऱ्याने टॉर्च धरला होता. उजेड बोर्डावर तिरका पडला आणि एका रिंगेच्या पायाशी मला केसाएवढी काळी गोल रेघ दिसली. कथिल तारेभोवती चकचकीत बसलं होतं, पण त्याने तारेला धरलं नव्हतं. कॉइलच्या तांब्याच्या तारेवर एनॅमलचं पातळ आवरण असतं. ते मी ब्लेडने खरवडलं होतं, पण एकाच बाजूने. वरून बघणाऱ्याला त्या बोर्डावरचा सगळ्यात देखणा सांधा तोच वाटला असता. तार काढून चारही बाजूंनी खरवडली, तांबं उघडं केलं, आधी तारेलाच कथिल चढवलं आणि मग बसवली. मल्टिमीटरने टीऽऽ केलं, म्हणजे सांधा जुळला.

त्या सहा आठवड्यांत मी जे शिकले ते मला कोणत्याही पुस्तकातून आलं नसतं. आजही सेट बिघडला तर माझी बोटं आधी रिंगांच्या पायांकडे जातात. पण माझ्या भाच्यानेही नंतर तेच किट घेतलं. तो माझ्यापेक्षा हुशार, इंजिनिअर. त्याचं किट अर्धं जोडलेलं बिस्किटाच्या डब्यात आहे, कित्येक वर्षं. परवाना आहे, पण त्याच्या कॉल साइनवरून एक शब्दही हवेत गेलेला नाही. तो आळशी नाही. रात्री दहाला घरी येऊन एकट्याने बारीक भाग बसवायचे आणि अडलं तर विचारायला कोणी नाही, यात उमेद किती दिवस टिकणार? माझ्याकडे टॉर्च धरणारं माणूस होतं आणि दुपार मोकळी होती. हा फरक किटच्या खोक्यावर लिहिलेला नसतो, पण निकाल बहुतेक वेळा त्यानेच लागतो.

तुमच्याकडे मुलगी आहे, ही मोठी जमेची बाजू. पण ती नववीत आहे, पुढचं वर्ष दहावीचं. तुम्ही ४६ चे, म्हणजे चाळिशीचा चष्मा असणार, आणि हल्लीच्या किटमधले बरेच भाग तांदळाच्या कणीपेक्षा लहान असतात. थंडी पडली की कलमांच्या फवारण्या सुरू होतील. म्हणून महिनोन्महिने चालणारं काम मी तुम्हाला पहिलं म्हणून सुचवणार नाही.

आता वादळाचं. इथे मला तुमच्या भावालाही काही सांगायचं आहे.

भावाला वाटतं, तयार सेट घेतला की पुढच्या वादळात घरची खबर लागेल. तुम्हालाही तसंच वाटतं. पण खबर लागायला दुसऱ्या टोकाला ऐकणारा हवा, आणि तो ठरलेल्या वेळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर हवा. २००४ च्या डिसेंबरमध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होते. अंदमानचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला तेव्हा त्यांनी निरोप पोचवले. त्यांचा अँटेना आधीपासून उभा होता, रोज बोलणं चालू होतं, ऐकणारे लोक माहितीचे होते. तुमचा सेट कपाटात असेल आणि वादळाच्या दिवशी पहिल्यांदा बाहेर निघेल, तर तो जपानहून आलेला असो की तुम्ही जोडलेला, फरक पडणार नाही. रोज सकाळी ४० मीटर बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या त्या नावाच्या पट्ट्यात, देशभरातले हॅम जमतात. तिथे वर्षभर हजेरी लावलीत तर तुमचं गाव, तुमचा आवाज लोकांच्या ओळखीचा होईल. वादळाची खरी तयारी ती आहे. मुंबईत भावाच्या जवळपास राहणारा एखादा हॅम गाठून ठेवा. भावाला घालायचेच असतील तर त्याने पैशांबरोबर एवढे कष्ट घालावेत.

हातात धरायच्या स्वस्त वॉकीटॉकीवर पैसे घालू नका, निदान आधी नको. त्या व्हीएचएफवर, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्या लहरी सरळ रेषेत जातात. तुमचं गाव खाली समुद्राला लागून, दापोली वर, मध्ये डोंगराची भिंत. गावातल्या गावात, होडीवरून किनाऱ्यावर बोलणं होईल, मुंबई होणार नाही. ४० मीटरचा बँड, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, आपल्या भूगोलाला फार सोयीचा. अँटेना दहाएक मीटर उंचीवर आडवा बांधला की लहरी वर जातात, आकाशातल्या आयनांबराच्या, म्हणजे विद्युतभारित हवेच्या, थरावरून परततात आणि भोवतालच्या काही शे किलोमीटरवर पावसासारख्या पडतात. सह्याद्री मध्ये येत नाही. दिवसा मुंबई, पुणे, रत्नागिरी, पणजी सगळं या टप्प्यात. रात्री जवळचे आवाज विरतात आणि लांबचे येतात, तेव्हा मुंबईच्या त्या हॅमशी बोलायची वेळ दिवसाची ठरवा.

मघाशी सांगितलेल्या तयार बोर्डाची ताकद दहाएक वॉट. "दहा वॉटने काय होणार?" असं भाऊ विचारेल. सेटवर येणाऱ्या सिग्नलचा जोर दाखवणारा एस-मीटर असतो, त्यावरचं एक घर म्हणजे सहा डेसिबल. दहा वॉट आणि शंभर वॉट यांच्यात दहा डेसिबलचं अंतर असतं, म्हणजे पलीकडच्या माणसाला दोन घरांपेक्षाही कमी फरक दिसतो. उलट शंभर वॉटचा सेट पूर्ण ताकदीने बोलताना वीसेक अँपिअर ओढतो आणि दहा वॉटचा दोनेक अँपिअरमध्ये भागवतो. निसर्गनंतर तुमच्याकडे वीज किती दिवस नव्हती हे तुम्हाला सांगायला नको. गाडीच्या बॅटरीवर आणि लहानशा सोलर पॅनेलवर कोणता सेट तग धरेल याचा हिशेब तुम्हीच करा.

तयार सेटची बाजूही नीट मांडायला हवी. तो पहिल्या दिवसापासून चालतो. फ्रिक्वेन्सी हलत नाही. अँटेना बिघडला, तुटला तर तो आपली ताकद आपणच कमी करतो; जोडलेल्या सेटला बहुधा तेवढी अक्कल नसते, अँटेना न लावता बटन दाबलं की शेवटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. पण बिघडला की तयार सेट मुंबई-बेंगळुरूला पाठवावा लागतो, आणि आपल्या खाऱ्या हवेत बिघडण्याची वेळ लवकर येते. माझ्याकडे एका बंद खोक्यातल्या सेटच्या बोर्डावर दोन पावसाळ्यांत हिरवट बुरा धरला होता. मायक्रोबिटेक्समध्ये शेवटचे ट्रान्झिस्टर आयआरएफ५१० असतात. तो भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत किरकोळ पैशांत मिळतो आणि तुम्ही घरी बदलू शकता. अण्णांच्या मुलाला हे महत्त्वाचं वाटावं असं मला वाटतं.

पैशांबद्दल एक समज दूर करते. किट स्वस्त म्हणून घेऊ नका. किटच्या किमतीत सोल्डर नसतं, केबल नसते, बॅटरी नसते, अँटेना सेटला जुळला की नाही ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर नसतो, आणि एखादा भाग जळला की पुण्याची खेप होते. तयार सेटचंही तेच, फक्त तिथे मोठ्या रकमेत हे लहान खर्च दिसत नाहीत. तीस हजारांतले दहा आधीच अँटेना, केबल, बॅटरी, मीटर यांच्यासाठी वेगळे ठेवा आणि उरलेल्यात सेट बघा. बहुतेक लोक उलट करतात, आणि मग उत्तम सेटला गंजलेली तार लावून बसतात.

तेव्हा माझं मत असं: तपासलेला तयार बोर्ड घ्या, बाकीचं तुम्ही आणि मुलीने जोडा. आणि तो मागवण्याआधी अँटेना उभा करा.

आता गणपती झालेत, पाऊस ओसरतोय, अँटेनासाठी हे दिवस चांगले. ७.१ मेगाहर्ट्झसाठी तार एकूण सुमारे २० मीटर, मधोमध केबल, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. कापताना प्रत्येक बाजूला हातभर जास्त ठेवा. जास्तीची तार एसडब्ल्यूआर मीटर बघत कापता येते. तुमच्या आगरात माड असणार. पाडेली नारळ काढायला चढेल तेव्हा त्याच्याकडून दोन माडांवर लहान कप्प्या बांधून घ्या. तार सरळ माडाला कधी बांधू नका. माड वाऱ्यावर डोलतो, दोन माड दोन दिशांना डोलतात आणि तार तुटते. दोरी कप्पीवरून खाली आणून तिच्या टोकाला चिऱ्याचे तुकडे भरलेला लहान डबा टांगा. वारा आला की डबा वरखाली होतो, तारेवर ताण येत नाही. दोरी सुंभाची नको, पावसाळ्यात कुजते; उन्हात टिकणारी नायलॉनची घ्या. वरून विजेच्या तारा गेलेल्या असतील तर ती जागा सोडा, दुसरे माड शोधा. केबलच्या सांध्यावर पाणी शिरणार नाही अशी रबरी टेप गुंडाळा, नाहीतर खारं पाणी केबलच्या जाळीतून आत झिरपतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वळिवाचे आणि परतीच्या पावसाचे दिवस विजांचे; काम झालं की केबल सेटपासून काढून घराबाहेर टाकायची, ही सवय मुलीलाही लावा.

बोर्ड येईपर्यंत मुलीला एक काम द्या. एक किलोओहमचे, दोन वॉटचे वीस रेझिस्टर आणा, कार्बन फिल्म किंवा मेटल फिल्मचे, तार गुंडाळलेले नकोत. सगळे समांतर जोडायचे. नववीच्या धाराविद्युतच्या धड्यात समांतर जोडणी आहे. हजाराला विसाने भागलं की पन्नास ओहम. जोडून झालं की मल्टिमीटर लावा आणि आकडा तिला स्वतःला वाचू द्या. हा झाला तुमचा डमी लोड, म्हणजे चाचणीपुरता अँटेनाच्या जागी लावायचा भार, चाळीस वॉटपर्यंत चालणारा. सेटची पहिली चाचणी त्याच्यावर घ्यायची, अँटेनावर नाही. त्याच्या टोकांवर डायोड आणि कपॅसिटरने शिखर व्होल्टेज मोजलं आणि ते तीसच्या थोडं वर आलं तर दहा वॉट निघताहेत. त्याचा वर्ग करून शंभराने भागायचं, तिला जमेल. तिला हे आवडलं तर ४० मीटरचा एखादा साधा ऐकण्यापुरता रेसिव्हर सुट्या भागांतून जोडायला घ्या. किटची हौस तिथे भागवा. तो वर्षभर रेंगाळला तरी कोणाचं अडत नाही. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना परीक्षेला बसता येतं, तेव्हा दहावी झाली की तिचं स्वतःचं कॉल साइन येऊ शकेल.

बोर्ड आला की सगळ्यात आधी बॅटरीच्या वायरीत फ्यूज घाला, आणि फ्यूजच्या पुढे बोर्डाकडच्या बाजूला एक १एन५४०८ डायोड लाल नि काळ्या वायरीत उलटा जोडा. पहिल्या दिवशी घाईत लाल-काळं उलट लागतंच. मग फ्यूज उडतो आणि बोर्ड वाचतो. खोका पत्र्याचा करा, आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात ती दर महिन्याला तव्यावर मंद आचेवर तापवून परत ठेवा. पहिल्या आठवड्यात एखाद्या ओळखीच्या हॅमला सांगा, मी ७ मेगाहर्ट्झवर बोलतोय, तू त्याच्या दुपटी-तिपटीवर, १४ आणि २१ वर ऐक. तिथे तुमचा आवाज सापडला तर फिल्टरमध्ये कुठेतरी चूक आहे आणि ती दुरुस्त होईपर्यंत थांबायचं. हा शेजारधर्म आहे आणि नियमही.

हे उत्तर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. परवाना हातात येण्याआधी ट्रान्समीटर घरात ठेवणंही कायद्यात बसत नाही, मग तो ऑनलाइन कितीही सहज मिळो. ज्यांना दुरुस्तीची आवड नाही, हाताला कंप आहे, किंवा फक्त लोकांशी बोलायचंय, त्यांनी निःशंक मनाने तयार सेट घ्यावा. जुना घेतलात तर विकणाऱ्याच्या घरी बसून तो ट्रान्समिट करताना बघून घ्या. आणि कॉलेजच्या मुलांनो, तुमच्याकडे पैसे कमी आणि संध्याकाळी मोकळ्या असतील, चार मित्र असतील, तर सुटं किट घ्या. तुमचे डोळे आत्ताच चांगले आहेत.

राहिली अण्णांची पेटी. तिच्यात त्यांचं सोल्डरिंग आयर्न असणार, आणि त्या काळातल्या दुकानातलं म्हणजे ते जाड टोकाचं, साठ-पासष्ट वॉटच्या पुढचं असेल. बोर्डाला ते लावू नका, तांब्याच्या पट्ट्या उखडून येतील. बोर्डासाठी पंचवीस वॉटचं नवीन घ्या. पण अँटेनाच्या केबलला पीएल-२५९ नावाचा पितळी कनेक्टर लागतो. त्याचं अंग जाड, ते तापता तापत नाही. पंचवीस वॉटच्या आयर्नने तिथे अर्धा तास झगडलं तरी केबलचं प्लास्टिक वितळतं आणि सांधा कच्चाच राहतो. तिथे अण्णांचंच आयर्न लागेल. आधी त्याची जुनी वायर काढून तीन पिनांची नवी, अर्थिंगची वायर घाला, आणि प्लगच्या फेज-न्यूट्रलच्या पिना नि टोक यांच्यामध्ये मल्टिमीटरने गळती नाही ना हे बघा. टोक साध्या तांब्याचं असेल. कानशीने घासा, काळं जाऊन लाल तांबं दिसेपर्यंत. मग तापवा, राळेत बुडवा आणि लगेच कथिल लावा. टोक रुपेरी झालं की मुलीला केबल धरायला सांगा.